वैरण, पेंड आणि कोठीपोटातली वस्ती

‘फॅट लागत नाही’ ही तक्रार कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ ऐकू येते. किटलीतले दूध मापावर ओतले जाते, नमुना यंत्रात जातो, आकडा उमटतो आणि त्या आकड्यावर लिटरचा दर ठरतो. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन पदार्थ), म्हशीच्या दुधाला ६ आणि ९ हे मूळ प्रमाण. त्याखाली घसरले की पॉइंटामागे पैसे कापले जातात. घरी परतल्यावर बहुतेक जण एकच उपाय करतात, आंबोणात आणखी दोन ओंजळी घालतात. कधी आकडा सुधारतो, पुष्कळदा सुधारत नाही, आणि काही गोठ्यांत खुराक वाढवल्यावर फॅट आणखी खाली येते. जनावराने जास्त खाल्ले, पैसे जास्त गेले आणि दूध मात्र पातळ झाले.

याचे उत्तर कोठीपोटात, म्हणजे जनावराच्या पहिल्या आणि सर्वांत मोठ्या पोटात आहे, आणि ते शास्त्राला बऱ्याच अंशी ठाऊक आहे. वैरण आणि खुराक यांच्या प्रमाणाने तिथली सूक्ष्मजीवांची वस्ती कशी बदलते, पचन कुठे सुधारते आणि कुठे बिघडते, याचा हा आढावा. सुरुवातीलाच माझे मत सांगून टाकतो. ‘दोन भाग वैरण, एक भाग खुराक’ हा सल्ला चुकीचा नाही, पण ऊस पट्ट्यात तो अपुरा पडतो. गव्हाणीत टाकलेले वजन सूक्ष्मजीवांना कळत नाही. त्यांना तंतू किती, पिष्ट किती, नत्र किती आणि हे सगळे किती वेळाच्या अंतराने आले, एवढेच कळते. संस्थेतल्या फॅटच्या आकड्यात कोठीपोटाची रोजची खबर असते, पण आपण ती उलटी वाचतो.

गाय स्वतः गवत पचवत नाही. वनस्पतीच्या पेशीभित्तिकेतले सेल्युलोज तोडणारे विकर तिच्या शरीरात बनतच नाही. ते काम कोठीपोटातले जिवाणू, आदिजीव आणि बुरशी करतात. मोठ्या संकरित गाईचे कोठीपोट शंभर लिटरहून अधिक सामान सामावून घेते. आत साधारण ३९ अंश सेल्सिअस तापमान, प्राणवायू जवळजवळ नाही, आणि एका मिलीलिटर द्रवात हजार कोटी किंवा त्याहून जास्त जिवाणू असतात. आदिजीव संख्येने कमी, मिलीलिटरला काही लाखांच्या आसपास, पण आकाराने इतके मोठे की एकूण वस्तुमानात त्यांचा वाटा लक्षणीय ठरतो.

हे जग माणसाला फार उशिरा दिसले. १८४३ मध्ये पॅरिसमध्ये ग्रुबी आणि दलाफोन यांनी कोठीपोटातले आदिजीव पाहिले. जिवाणू मात्र प्रयोगशाळेत वाढायला तयार नव्हते, कारण हवा लागली की ते मरत. अमेरिकेच्या रॉबर्ट हंगेट यांनी हवाबंद नळीत त्यांना वाढवण्याची रीत बसवली. १९६६ मध्ये निघालेला त्यांचा ग्रंथ या शास्त्राचा पाया मानला जातो. १९७५ मध्ये इंग्लंडमधील कॉलिन ऑर्पिन यांनी दाखवले की कोठीपोटातले काही शेपटीवाले जीव, ज्यांना तोवर आदिजीव समजत, ते बुरशीचे बीजाणू आहेत. प्राणवायूशिवाय जगणारी बुरशी असू शकते हेच तेव्हा अनेकांना पटेना. आज हीच बुरशी कडब्याच्या ताठर धाटात मुळ्यांसारखे धागे घुसवून ते फोडते आणि जिवाणूंना वाट करून देते, हे सर्वमान्य आहे.

२०१५ मध्ये ३५ देशांतल्या रवंथ करणाऱ्या प्राण्यांचे ७४२ नमुने तपासणारी जागतिक पाहणी प्रसिद्ध झाली. जगात कुठेही गेले तरी प्रमुख जिवाणूंचे गट जवळपास तेच असतात आणि त्यांच्या प्रमाणातला फरक सर्वांत जास्त ठरतो तो आहारावर, हा तिचा निष्कर्ष. म्हणजे शिरोळची संकरित गाय आणि न्यूझीलंडच्या कुरणातली गाय यांच्या पोटात राहणारे बरेचसे सारखे आहेत. कोणाची संख्या वाढते आणि कोण मागे पडतो, हे गव्हाण ठरवते.

हे जीव अन्न आंबवतात आणि त्यातून अ‍ॅसेटिक, प्रोपिओनिक व ब्युटिरिक ही आम्ले तयार होतात. ती कोठीपोटाच्या भिंतीतून थेट रक्तात शोषली जातात. जनावराला मिळणाऱ्या ऊर्जेतला सुमारे ७० टक्के वाटा याच आम्लांचा. शिवाय मेलेले आणि पुढे वाहून गेलेले जिवाणू चौथ्या पोटात आणि आतड्यात पचतात. आतड्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रथिनांतला निम्म्याहून अधिक भाग त्यांच्याच शरीराचा असतो. म्हणून गोठ्यातले खाणे पहिल्यांदा या वस्तीसाठी असते, आणि जनावर वस्तीच्या उत्पन्नावर जगते.

तंतू खाणारे आणि पिष्ट खाणारे

वस्तीतले गट अनेक, पण आपल्या विषयापुरते दोन महत्त्वाचे. फायब्रोबॅक्टर सक्सिनोजेनिस, रुमिनोकोकस आल्बस आणि रुमिनोकोकस फ्लॅव्हफेशियन्स हे तंतू पचवणारे. ते धाटाच्या कणाला चिकटून बसतात, संथ काम करतात, आणि त्यांना ६.२ ते ६.८ च्या आसपासचा सामू (पीएच) मानवतो. मक्याच्या भरड्यातले किंवा तांदळाच्या कणीतले पिष्ट आणि उसातली साखर झपाट्याने आंबवणारे जिवाणू वेगळे. ते लवकर वाढतात आणि थोड्या वेळात भरपूर आम्ल सोडतात.

सामू ६ च्या खाली गेला की तंतू खाणाऱ्यांचे काम मंदावते आणि थोड्याच अंतरावर जवळजवळ थांबते. अमेरिकेचे जेम्स रसेल यांनी याचे कारण उलगडले. हे जिवाणू आपल्या पेशीच्या आतला सामू फारसा खाली येऊ देत नाहीत. बाहेर आम्ल वाढले की आम्लाचे रेणू पेशीत शिरतात, आत त्यांचे विघटन होते आणि उरलेला भाग आतच साचत जातो. शेवटी पेशीला तो भार पेलवत नाही. पिष्ट खाणारे काही जिवाणू आपल्या आतला सामूही बाहेरच्याबरोबर उतरू देतात आणि टिकून राहतात. खुराक भरमसाट झाला की चांगला कडबाही कमी पचतो, तो यामुळे. दावणीत कडबा आहे, गाय तो खातेही, पण तो फोडणारे हात कमी झालेले असतात.

आता फॅटकडे येऊ. भरपूर वैरणीवर कोठीपोटात अ‍ॅसेटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक आम्लांचे प्रमाण साधारण ७०:२०:१० असे असते. खुराक वाढवला की अ‍ॅसेटिकचा वाटा उतरतो आणि प्रोपिओनिकचा चढतो. प्रोपिओनिक आम्लापासून यकृत ग्लुकोज बनवते, ग्लुकोजपासून कासेत दुग्धशर्करा बनते आणि ती आपल्याबरोबर पाणी ओढते, म्हणून लिटर वाढतात. अ‍ॅसेटिक आम्ल कासेत फॅट बनवण्यासाठी लागते, कारण दुधातल्या मेदाम्लांपैकी जवळपास निम्मी कासेतच घडतात. तेव्हा खुराकाने माप वाढते आणि फॅटची टक्केवारी घटते, यातला काही भाग सरळ हिशेबाचा आहे.

पण तेवढ्याने सगळे उलगडत नाही. आहारामुळे फॅट कोसळणे ही गोष्ट १८४५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ बुसँगो यांनीच नोंदवली होती. पुढे शंभराहून अधिक वर्षे ‘अ‍ॅसेटिक कमी पडले’ हेच कारण मानले गेले. मात्र बाहेरून अ‍ॅसेटेट देऊनही फॅट पुरेशी वर येईना, तेव्हा शोध दुसरीकडे वळला. डेल बाउमन आणि मिक्को ग्रिनारी यांनी मांडलेली उपपत्ती आज सर्वाधिक मान्य आहे. चाऱ्यातल्या आणि पेंडीतल्या असंतृप्त तेलावर कोठीपोटातले जिवाणू प्रक्रिया करून ते संतृप्त बनवतात. आम्लता वाढली की ही प्रक्रिया वेगळ्या वाटेने जाते आणि मध्येच एक खास मेदाम्ल तयार होते. दिवसाला काही ग्रॅम एवढ्या अल्प मात्रेत ते कासेपर्यंत पोहोचले, तरी फॅट बनवणाऱ्या जनुकांचे काम मंदावते. यासाठी दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात, तेल आणि बिघडलेला सामू. सरकी पेंडीत तेल असतेच. तिच्यासोबत मक्याचा भरडा, तांदळाची कणी किंवा शिळ्या भाकरी-चपात्या भरपूर गेल्या आणि वैरण तोकडी पडली, की दोन्ही गोष्टी एकाच कोठीपोटात जमतात.

म्हणून ‘पेंड’ हा शब्द सरसकट वापरताना सावध राहावे. सरकीची किंवा शेंगदाण्याची पेंड ही मुख्यतः प्रथिने देते. गव्हाच्या भुशात आणि तूर-हरभऱ्याच्या चुणीत तंतू बराच असतो. मका, गहू, बाजरी, कणी यांत पिष्ट असते. गोळी पेंड म्हणजे या सगळ्यांचे मिश्रण, आणि प्रत्येकाचे प्रमाण वेगळे. तीन किलो सरकी पेंड आणि तीन किलो भरडा तराजूत सारखे असले, तरी कोठीपोटात त्यांचे वागणे अगदी निराळे.

लाळेचा हिशेब

आम्ल आवरण्याचे मुख्य साधन जनावराकडेच आहे, ते म्हणजे लाळ. मोठी गाय दिवसाला शंभर ते दीडशे लिटर, कधी त्याहूनही जास्त लाळ गिळते. तिच्यात खाण्याच्या सोड्याचाच क्षार असतो. लाळ सुटते चावण्याने, आणि चावणे भाग पडते ते लांब, खरखरीत तंतूमुळे. रवंथाला दिवसाचे सात ते नऊ तास जातात ते याचसाठी. आंबोण भिजवून दिले की जनावर ते काही मिनिटांत ओढून घेते. त्यात चावण्यासारखे काहीच नसते, त्यामुळे लाळ थोडी आणि आम्ल पुष्कळ. दिवसाचा सहा किलो खुराक धारेच्या दोन वेळांत देणे आणि तोच चार वेळांत विभागून वैरणीनंतर देणे, यांत खर्चाचा एक पैशाचा फरक नाही. पण पहिल्या रीतीत सामू दिवसातून दोनदा खोल उतरतो आणि तंतू खाणाऱ्यांना प्रत्येक वेळी सावरायला वेळ लागतो.

कडबाकुट्टीनेही इथे एक नवा प्रश्न आणला आहे. यंत्राने वैरण वाया जाणे थांबले, हा मोठा फायदा आहे आणि तो सोडायचे कारण नाही. पण पाती जवळ आणून कुट्टी अगदी बारीक केली तर तंतू रासायनिक दृष्टीने तेवढाच राहतो आणि चावण्याची गरज मात्र संपते. १९९७ मध्ये डेव्हिड मर्टेन्स यांनी ‘परिणामकारक तंतू’ ही कल्पना नीट मांडली. तंतू किती आहे यासोबत त्याची लांबी किती, हेही मोजले पाहिजे, हा तिचा गाभा. परदेशातल्या गोठ्यांत यासाठी १९ आणि ८ मिलिमीटरच्या चाळण्या वापरतात. आपल्याकडे एवढे पाहावे, की सावलीत निवांत बसलेल्या जनावरांपैकी निम्म्याहून अधिक रवंथ करत आहेत का. करत नसतील तर वैरण थोडी आहे किंवा फार बारीक आहे. शेण पातळ, फेसाळ आणि त्यात अख्खे दाणे दिसत असतील, तर संशय पक्का होतो.

सामू ५.५ च्या आसपास रोज काही तास राहणे याला पशुवैद्यक सौम्य आम्लता म्हणतात. तिची लक्षणे लपलेली असतात. जनावर आज खाते, उद्या नाही, फॅट खालीवर होते, काही महिन्यांनी खूर दुखू लागतात आणि लंगडण्याचे कारण गोठ्याच्या फरशीत शोधले जाते.

तीव्र आम्लतेचे रूप मात्र भीषण असते. भुकेल्या जनावराला धान्याचे पोते सापडले किंवा लग्नातला उरलेला भात-पोळी कौतुकाने पुढे टाकली, की स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस हा जिवाणू झपाट्याने वाढतो आणि लॅक्टिक आम्ल सोडू लागतो. एरवी मेगास्फेरा एल्सडेनाय, सेलेनोमोनास यांसारखे जिवाणू ते आम्ल खाऊन टाकतात, पण त्यांची संख्या वाढायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ मिळत नाही. सामू ५ च्या खाली गेला की लॅक्टोबॅसिलस वाढतात, आदिजीव मरतात, कोठीपोटाची हालचाल थांबते. आतला द्रव इतका दाट होतो की रक्तातले पाणी कोठीपोटात ओढले जाते. डोळे खोल जातात, आंबूस वासाची हगवण लागते, आणि उपचार वेळेवर मिळाले नाहीत तर एक-दोन दिवसांत जनावर जाते. फेब्रुवारी २०२३ मध्ये कोल्हापूरजवळच्या कणेरी येथील मठाच्या गोशाळेत, लोकोत्सवाच्या काळात, पन्नासच्या आसपास गायी दगावल्या. उत्सवातले शिळे, उरलेले अन्न त्यांच्या खाण्यात आल्याचे कारण त्या वेळच्या बातम्यांत सांगितले गेले. त्या घटनेने सगळा जिल्हा हळहळला. गाईला शिजवलेले अन्न देणे हे पुण्याचे काम, ही समजूत आपल्याकडे फार खोल आहे. एखादी भाकरी देण्याने काही बिघडत नाही. पण पंगतीतले उरलेले टोपलेभर अन्न गाईसमोर ओतणे तिच्या जिवावर बेतू शकते, हे प्रत्येक मंगल कार्यालयाच्या मागच्या दारावर लिहिले जावे असे मला मनापासून वाटते.

बाळंत जनावराचे असेच. व्यालेल्या म्हशीला दुसऱ्याच दिवसापासून शिजवलेली बाजरी, गहू, गूळ यांचा मारा होतो. आधीचे दोन महिने ती आटलेली असते आणि बहुतेक वैरणीवरच असते. कोठीपोटाच्या भिंतीवरचे आम्ल शोषणारे अंकुर त्या काळात आखूडलेले असतात, आणि ते पुन्हा वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. खुराक हळूहळू चढवायचा तो यासाठी, आणि त्याची सुरुवात विण्याच्या दोन-तीन आठवडे आधीच व्हायला हवी.

वाड्यावरचे पशुपालन

आतापर्यंत खुराकाच्या अतिरेकाबद्दल बोललो, पण कोल्हापुरात दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा संघाने, म्हणजे ‘गोकुळ’ने, आणि वारणानगरच्या वारणा दूध संघाने घरोघर दुधाचा धंदा नेला. त्याच काळात पंचगंगा, वारणा, दूधगंगा, भोगावतीच्या काठांवर उसाने बहुतेक जमीन व्यापली. ज्वारी मागे हटली तसा घरचा कडबाही गेला. आज अनेक गोठ्यांची वैरण म्हणजे हंगामात उसाचे वाडे, पावसाळ्यात बांधावरचे गवत, वर्षभर थोडे हत्ती गवत, आणि पश्चिमेकडच्या गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, आजरा, चंदगड भागात भाताचा पिंजर. कडबा विकत आणावा लागतो आणि त्याचा दर ऐकून माणूस पेंडीच्या पोत्याकडे वळतो.

वाडे वाईट नाही. ऊसतोड सुरू असताना ते मुबलक मिळते, जनावर आवडीने खाते, तंतूही भरपूर असतो. पण त्यात प्रथिने कोरड्या वजनाच्या जेमतेम ५-६ टक्के. तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना वाढायला नत्र लागते, आणि आहारात प्रथिने ७ टक्क्यांच्या खाली गेली की त्यांची वाढ खुंटते. पिंजराची आणि वाळल्या कडब्याची स्थिती याहून नाजूक असते. अशा वैरणीवर कोठीपोट भरलेले दिसते, पण आतले काम रखडते. चारा पुढे सरकत नाही, म्हणून जनावर कमी खाते, आणि दुधातला एसएनएफ ढासळतो. इथे दोन किलो योग्य खुराकाने, विशेषतः प्रथिनाच्या, कडबा-वाड्याचे पचनच वाढते. टी. आर. प्रेस्टन आणि ऑस्ट्रेलियाचे रॉन लेंग यांनी १९८० च्या दशकात हाच विचार उष्ण देशांसाठी मांडला. आधी जिवाणूंना नत्र आणि खनिजे पुरवा, मग जनावराला आतड्यात पोहोचणारे प्रथिन थोडे द्या. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने गावोगाव नेलेल्या युरिया-मळी-खनिज विटा याच विचारातून आल्या. शंभर किलो पिंजराला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि तीन आठवडे हवाबंद ठेवायचा, ही रीत पशुसंवर्धन खाते कित्येक वर्षे सांगत आले आहे. ती जितकी पसरायला हवी होती तितकी पसरली नाही, याचे मला फार वाईट वाटते, कारण पश्चिम भागातल्या भातशेतीवाल्या लहान शेतकऱ्याला तिच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. युरिया थेट आंबोणात मात्र कधीही घालू नये, त्याने विषबाधा होते.

वाड्यात दुसरी अडचण ऑक्झलेटची. ते कॅल्शियमला बांधून ठेवते आणि दुभत्या जनावराला कॅल्शियम कमी पडते. म्हणून वाड्यावर चुन्याची निवळी शिंपडण्याची शिफारस केली जाते. कोठीपोटात ऑक्झलेट खाणारे जिवाणूही असतात. वाडे हळूहळू वाढवले तर त्यांची संख्या वाढते, आणि एकदम वाढवले तर ते अपुरे पडतात.

सर्वांत मोठी फसगत होते ती पाण्याने. उदाहरण घेऊ. बारा लिटरची साडेचारशे किलोची संकरित गाय. भरणपोषणाला दीड किलो आणि लिटरमागे ४०० ग्रॅम या रूढ हिशेबाने खुराक ६.३ किलो, म्हणजे कोरडा अंश सुमारे ५.७ किलो. वजनाच्या तीन टक्के धरले तर तिला दिवसाला साडेतेरा किलो कोरडा अंश हवा, म्हणजे वैरणीतून जवळपास ७.८ किलो. हे ४२:५८ असे प्रमाण झाले आणि ते चांगले आहे. आता जुलैचा पाऊस. कडबा नाही, वाडे नाही, गव्हाणीत तीस किलो कोवळे हत्ती गवत. डोळ्यांना गव्हाण ओसंडताना दिसते. पण कोवळ्या गवतात कोरडा अंश १५ टक्केच असला तर ते साडेचार किलो भरते. तराजूत वैरण खुराकाच्या जवळपास पाचपट आणि कोठीपोटात खुराक ५६ टक्के. गाय तर उपाशीच, शिवाय तिच्या पोटात पारडे उलटे झुकलेले. पावसाळ्यात फॅट उतरते त्याला गवताचा कोवळेपणा, तंतूचा अभाव आणि हा न दिसणारा हिशेब, तिन्ही जबाबदार आहेत. अशा दिवसांत दीड-दोन किलो कडबा किंवा पिंजर राखून ठेवलेला असला, तर त्याची किंमत पोतेभर पेंडीहून जास्त.

लिटरमागे ४०० ग्रॅमचा नियमही एका मर्यादेपर्यंतच चालतो. वीस लिटरच्या गाईला तो लावला तर खुराक साडेनऊ किलोवर जातो. तिने सोळा किलो कोरडा अंश खाल्ला तरी खुराकाचे प्रमाण ५३ टक्के होते. नियम बसला तेव्हा एवढ्या दुधाच्या गायी फारशा नव्हत्या. अशा गाईला वैरणीची प्रत सुधारल्याशिवाय गत्यंतर नाही. दाणा भरताना कापलेल्या मक्याचा मुरघास, लसूणघास, वेळेवर कापलेले हत्ती गवत हे तिचे खरे खाद्य. मुरघासात दाण्याचे पिष्टही असते, हे धरून भरडा तेवढा कमी करायला हवा.

उसाच्या जोरावर जनावरे पोसण्याचा सर्वांत धाडसी प्रयोग क्युबात झाला. प्रेस्टन यांनी तिथे १९६० च्या दशकात मळी आणि युरियावर बैल पोसून दाखवले. तो यशस्वी झाला, पण वैरण फार तोडली की जनावरांना आंधळेपणा, तोल जाणे असे मेंदूचे विकार होत आणि वैरण परत दिली की प्रादुर्भाव कमी होई. आपल्याकडे २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात चारा छावण्यांतून अख्खा ऊस तोडून जनावरांना घातला गेला. जीव वाचवायला तो आधार ठरला, हे खरेच. पण साखर भरपूर, प्रथिन नगण्य अशा उसावर महिनोन्महिने राहिलेल्या जनावराला सोबत युरिया-मळी वीट किंवा थोडी पेंड मिळाली नाही, तर ते हाडाचा सापळा होणारच होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ, करवीर, हातकणंगल्याच्या जनावरांवर उलटी वेळ आली. हिरव्या वैरणीवरची जनावरे एका रात्रीत उंचावर हलवली गेली आणि जे येईल ते खाऊ लागली. पुराच्या तयारीत माणसांच्या शिध्याबरोबर कोरड्या वैरणीचा साठाही असावा, तो कोठीपोटासाठीही.

वस्ती बदलायला लागणारा वेळ

आहार आज बदलला तर वस्ती कधी बदलते? विस्कॉन्सिनमध्ये पॉल वायमर यांच्या गटाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे आठवतो. दोन गायींच्या कोठीपोटातले जवळजवळ सगळे सामान एकमेकींत बदलले. सामू आणि आम्लांचे प्रमाण दिवसभरात ज्या त्या गाईच्या मूळ पातळीवर आले. जिवाणूंची मूळ वस्ती परतायला मात्र कितीतरी जास्त काळ लागला. जनावर स्वतःही आपल्या वस्तीवर पकड ठेवते, असा त्याचा अर्थ. तयार जिवाणूंची पुडी देऊन कायमचा बदल घडवण्याचे दावे म्हणूनच सावधपणे घ्यावेत.

अपवाद आहे, आणि तो सुंदर आहे. सुबाभूळच्या पाल्यात मिमोसीन हे विषारी द्रव्य असते आणि ऑस्ट्रेलियात जनावरांना त्याने त्रास होई. रेमंड जोन्स यांनी पाहिले की हवाईतल्या शेळ्यांना तो होत नाही. तिथल्या शेळ्यांच्या कोठीपोटातला द्रव ऑस्ट्रेलियात नेऊन जनावरांना दिला आणि त्रास थांबला. त्या कामगिरीतल्या जिवाणूला पुढे त्यांच्याच नावावरून सिनर्जिस्टिस जोनेसाय म्हणू लागले. मणिभाई देसाई यांच्या उरुळीकांचनच्या ‘बाएफ’ने महाराष्ट्रात सुबाभूळ पसरवला. प्रथिनांनी समृद्ध असा तो पाला वाड्याच्या जोडीला आजही उपयोगाचा आहे. मिमोसीनसाठी वस्तीत एक नवा जीव येऊ शकला, कारण ती जागा रिकामी होती. पिष्टाच्या अतिरेकावर मात्र अशी जागा रिकामी नसते.

सोडा, यीस्ट, बायपास फॅट यांविषयी थोडक्यात. खाण्याचा सोडा लाळेची उणीव काही अंशी भरतो, खुराक जास्त असलेल्या गोठ्यात उपयोगी पडतो आणि वैरणीवरच्या गोठ्यात वाया जातो. यीस्टचे परिणाम बहुधा सौम्य असतात. बायपास फॅट कोठीपोटात फारसे विरघळत नाही, म्हणून जिवाणूंना इजा न करता ऊर्जा देते. तेच तेल साधे ओतले आणि आहारातला मेद ६-७ टक्क्यांपुढे गेला, तर तंतू पचवणाऱ्यांवर त्याचा थर बसतो. मिथेनचीही इथे एक गाठ आहे. वैरणीवरच्या आंबवणीत हायड्रोजन जास्त सुटतो आणि खाद्यातल्या ऊर्जेचा २ ते १२ टक्के भाग मिथेन होऊन बाहेर जातो. खुराकाने तो घटतो. पण एवढ्यासाठी आपल्या गाईंना धान्यावर नेणे मला मान्य नाही. माणसाला न खाता येणारे वाडे आणि पिंजर दुधात बदलणे, हेच त्यांचे मोल आहे. वैरणीची प्रत सुधारून दर लिटरमागे मिथेन कमी करता येतो, आणि तो रस्ता शेतकऱ्याच्याही खिशाचा आहे.

संस्थेतल्या दोन आकड्यांकडे परत बघू. फॅट आणि एसएनएफ एकत्र वाचावेत. फॅट ठीक आणि एसएनएफ सतत कमी, तर बहुधा ऊर्जा आणि प्रथिन तोकडे आहे, इथे खुराक वाढवणे योग्य. एसएनएफ ठीक, लिटरही चांगले, पण फॅट पडलेली आणि जनावर रवंथ कमी करते, तर खुराक वाढवू नये, उलट लांब वैरण वाढवावी आणि तोच खुराक जास्त वेळांत द्यावा. दोन्ही पडलेले असतील तर पाणी, आजार, उष्णता, वैरणीचा एकूण तुटवडा तपासावा. धारेचा शेवटचा भाग सर्वांत जास्त फॅटचा असतो, तो कासेत राहिला तरी आकडा उतरतो, हेही आधी पाहावे. म्हशीच्या बाबतीत तंतू पचवण्याची क्षमता अनेक प्रयोगांत गाईपेक्षा थोडी सरस दिसली आहे. पंढरपुरी म्हैस वाड्यावर आणि कडब्यावर तग धरते ती बहुधा यामुळेच. म्हणून तिला संकरित गाईचे कोष्टक जसेच्या तसे लावू नये.

प्रत्येक संस्थेकडे प्रत्येक सभासदाच्या दोन वेळच्या फॅट-एसएनएफच्या नोंदी वर्षानुवर्षे संगणकात पडून आहेत. त्या आज फक्त बिलासाठी वापरल्या जातात. संघांच्या पशुवैद्यकांनी त्या महिन्यानुसार मांडल्या, तर जून-जुलैतली घसरण आणि गळीत हंगामाच्या सुरुवातीची उलथापालथ गावागणिक दिसेल आणि घराघराला वेगळा सल्ला देता येईल. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या संतुलित आहार कार्यक्रमाने गावातल्याच प्रशिक्षित माणसाच्या हाती संगणकीय हिशेब दिला होता. त्यात या नोंदींची भर घालणे अवघड नाही. यंदाच्या हंगामापुरते सांगायचे तर, पहिली तोड सुरू झाल्याच्या दिवशी गव्हाण वाड्याने भरू नये. पहिले तीन दिवस एक पेंढी, मग दर तीन-चार दिवसांनी थोडी वाढ, सोबत चुन्याची निवळी, खनिज मिश्रण आणि मूठभर जास्त सरकी किंवा शेंगदाणा पेंड. दोन-अडीच आठवड्यांत वस्ती जुळवून घेते. मार्चअखेर वाडे संपताना हाच क्रम उलट्या दिशेने चालवावा.